कोपराच्या उंचीचे मेज

शाळेचे दार बंद झाले म्हणजे मुलाचा फळा व शिक्षक तेवढे दुरावतात असे आपण समजतो; परंतु ज्यावर कोपर टेकून ते अक्षर गिरविते तो बाकही त्याच दाराआड राहतो, ही साधी गोष्ट 2020 सालापूर्वी फारशी कोणाच्या ध्यानी आली नव्हती. त्या वर्षी 11 मार्च रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाच्या साथीस महामारी म्हटले आणि युनेस्कोच्या गणनेप्रमाणे थोड्याच आठवड्यांत 190 हून अधिक देशांतील दीडशे कोटींहून अधिक विद्यार्थी घरी बसले. अमेरिकेत पाठ पडद्यावर सुरू झाले, पुष्कळ ठिकाणी संगणकांचीही तजवीज झाली; मात्र तो संगणक ठेवावयाचा कशावर, याची तरतूद हुकूमनाम्यांत क्वचितच होती. कोणी स्वयंपाकघरातील मेजाचा कोपरा धरला, कोणी पलंगाची कड, तर कोणी जमिनीवर पालथे पडून वही उघडली. आणि शरद ऋतूत नवे शैक्षणिक वर्ष सुरू होताच आईबापांची एकच धाव बाजाराकडे झाल्याने लहान मेजे दुकानांतून पाहता पाहता दिसेनाशी झाली.

अशा वेळी ज्यांच्या घरी करवत होती ती माणसे पुढे आली. कॅलिफोर्नियात एका गृहस्थाने साधे मेज बनवून त्याची कृती सर्वांसाठी खुली केली; आयोवात दुसऱ्याने तोच वसा घेतला; मेरीलँडमधील गेथर्सबर्ग येथे ‘डेस्क्स बाय डॅड्स’ या नावाने शेजारीपाजारी एकत्र आले आणि गरजू मुलांना विनामोबदला मेजे पोहोचवू लागले. हे औदार्य कृतीत उतरू शकले, त्यास तेथील घरांची रचनाही कारण झाली. मोटारीसाठी बांधलेली खोली तेथे बहुधा घरगुती कारखानाही असते, आणि लाकूडसामानाची दुकाने अत्यावश्यक ठरवून बहुतेक राज्यांनी ती टाळेबंदीतही उघडी ठेवली होती.

या कामाचे गणित मोठे बोलके आहे. प्लायवुडची प्रचलित फळी 8 फूट लांब व 4 फूट रुंद असते. मेजाचा माथा 3 फूट लांब व 2 फूट रुंद धरला, तर विचारपूर्वक आखणी करणाऱ्यास एका फळीतून पाच माथे काढता येतात आणि उरतो तो जेमतेम 2 चौरस फुटांचा तुकडा. मग पायांची लाकडे मापात कापावयाची, गुण्या लावून काटकोन साधावयाचा, सरस व स्क्रू यांनी सांधे पक्के करावयाचे, आणि सर्वांत शेवटी काचपेपराने कडा अशा घासावयाच्या की कोवळ्या मनगटास कुसळ लागू नये. इकडे साथीच्या प्रारंभी लाकूडगिरण्यांनी उत्पादन आखडते घेतलेले, तिकडे घरी बसलेल्या लोकांनी दुरुस्तीची कामे काढलेली. परिणामी मे 2021 मध्ये अमेरिकेच्या वायदेबाजारात लाकडाचा भाव हजार बोर्ड फुटांस 1,600 डॉलरांच्या वर गेला. त्या दिवसांत फुकट दिलेल्या मेजाची खरी किंमत या भावावरून कळते.

कृती खुली करण्याच्या या रीतीस एक थोर पूर्वपरंपरा आहे. इटलीतील विख्यात अभिकल्पक एन्झो मारी याने 1974 साली मिलान येथे मेजे, खुर्च्या, पलंग अशा 19 जिनसांचे आराखडे मांडले. साध्या फळ्या, खिळे व हातोडी एवढ्यावर ते सिद्ध होत, आणि जो टपालखर्च पाठवील त्याला ते विनामूल्य मिळत. कारखानदार व व्यापारी यांखेरीज कोणीही ते वापरावेत, एवढीच त्याची अट होती. स्वतःच्या हाताने वस्तू घडविणाऱ्यास वस्तूची पारख येते, हा त्यामागील विचार होता. हाच मारी 19 ऑक्टोबर 2020 रोजी, अनोळखी मुलांसाठी माणसे फळ्या कापीत असतानाच, त्याच साथीत निवर्तला.

आपल्याकडे जमिनीवर बसून लिहिण्याची चाल जुनी; परंतु पेढीवरील दिवाणजीपुढे उतरते बैठे मेज असे, आणि विद्यार्थ्यापुढे बहुधा त्याची स्वतःची मांडीच. मान मोडून लिहिणाऱ्या या मुलांकडे पाहूनच मुंबईकडील ‘आरंभ’ या संस्थेने टाकाऊ पुठ्ठ्याच्या खोक्यांतून असे साधन काढले, की जे घडी घातली म्हणजे दप्तर होते आणि उलगडले म्हणजे उतरते मेज. अमेरिकेतील प्लायवुड आणि येथील पुठ्ठा यांत द्रव्याचा भेद असेल, भावनेचा नाही: दोन्हीकडे कोणा प्रौढाने मुलाला सांगितले आहे की, ही जागा तुझी, येथे बसून तू शीक.

एरवी घरातील प्रत्येक जागा दुसऱ्या कोणाची तरी असते. ताट आले की वही उचलावी लागते, पाहुणे आले की पुस्तक. म्हणून वाचकांस विनंती एवढीच, की दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरची एखादी जुनी फळी निघाली तर ती रद्दीवाल्याच्या हवाली करू नका. आपल्या घरातील, अथवा आपल्या घरी कामास येणाऱ्या बाईंच्या मुलाला पाय जमिनीला टेकतील असे बसवा, त्याच्या कोपराची उंची मोजा आणि त्या मापाचे मेज करा.