महाराष्ट्राचे फटकेबाज : एक षटकार ते सोळा षटकार

बेसबॉलमध्ये बेब रूथच्या ७१४ होम रन्सचा मान मोठा. आपल्याकडे तो मान षटकाराचा आणि महाराष्ट्राच्या रणजी संघाच्या फटकेबाजांची गोष्ट सुरू होते ती कोल्हापुरातून.

भाऊसाहेब निंबाळकर यांचा जन्म कोल्हापुरात, १९१९ सालचा. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध त्यांनी नाबाद ४४३ धावा कुटल्या. कमल भांडारकरांसोबत त्यांची भागीदारी झाली ४५५ धावांची! या खेळीत ४९ चौकार आणि षटकार मात्र एकच. म्हणजे तब्बल २४१ धावा त्यांनी पळून काढल्या.

ब्रॅडमनचा नाबाद ४५२ धावांचा विक्रम अवघ्या नऊ धावांवर होता. पण महाराष्ट्राच्या ८२६ धावांचा डोंगर पाहून काठियावाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला. रणजी करंडकात आजही ही सर्वोच्च खेळी आहे. एवढे करूनही भाऊसाहेबांना एकही कसोटी मिळाली नाही.

पुढे केदार जाधवने २०१२ मध्ये उत्तर प्रदेशविरुद्ध ३२७ धावा ठोकल्या.

आणि मग ऋतुराज गायकवाड! २८ नोव्हेंबर २०२२, अहमदाबाद, विजय हजारे करंडक या एकदिवसीय स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी. समोर पुन्हा उत्तर प्रदेश. ४९ व्या षटकात शिवा सिंगच्या एका नोबॉलसह सातही चेंडूंवर षटकार, षटकात ४३ धावा. एका षटकात सात षटकार त्याआधी लिस्ट ए, म्हणजे मर्यादित षटकांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये कुणीच मारले नव्हते. त्या दिवशी १५९ चेंडूंत नाबाद २२०. चौकार १०, षटकार १६.