कडक चहा आणि स्ट्राँग टी

मराठीत चहा कडक असतो, ऊन कडक असतं, इस्त्री कडक असते आणि मुख्याध्यापकही कडक असतात. इंग्रजीत मात्र चहा ‘स्ट्राँग’, ऊन ‘हार्श’, इस्त्रीचा सदरा ‘क्रिस्प’ आणि मुख्याध्यापक ‘स्ट्रिक्ट’. उलट त्यांचं एक ‘हेवी’ आपल्याकडे किती रूपं घेतं पाहा: ‘हेवी रेन’ म्हणजे मुसळधार पाऊस, ‘हेवी ट्रॅफिक’ म्हणजे तुफान वर्दळ, तर ‘हेवी स्मोकर’ म्हणजे सतत सिगारेटी ओढणारा.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आलं. तरी डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ ही दोन रकान्यांची वही अजून सुटत नाही. त्यात ‘स्ट्राँग म्हणजे जोरदार’ एवढंच पाठ केलेली मुलगी जोरदार पावसाला ‘स्ट्राँग रेन’ म्हणणारच. दोष तिचा नाही, वहीचा आहे. विशेषण नामासकटच शिकवलं पाहिजे.

शब्दांच्या याद्या निरुपयोगी आहेत असं नाही. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये ‘बेसिक इंग्लिश’ मांडलं. रोजच्या व्यवहारासाठी त्यांनी अवघे ८५० शब्द निवडले आणि त्यांतले १५० गुणवाचक ठेवले. नवशिक्याला अशा यादीने धीर येतो. या दीडशेतले ५० शब्द त्यांनी विरुद्धार्थी म्हणून वेगळे काढले होते. पण विरुद्धार्थही नामावरच ठरतो. ‘लाइट’ पिशवीच्या उलट ‘हेवी’, पण ‘लाइट’ रंगाच्या उलट ‘डार्क’. ‘ओल्ड’ माणसाच्या उलट ‘यंग’, ‘ओल्ड’ घराच्या उलट ‘न्यू’. ‘हार्ड’ गादी आणि ‘हार्ड’ प्रश्न यांचंही तेच.

शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा, हे भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये ठामपणे मांडलं. त्याआधीच जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी सहकाऱ्यांसह परभाषिक विद्यार्थ्यांसाठी खास कोश रचला होता. तो १९४२ मध्ये जपानमध्ये निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने छापला. शब्द वाक्यात कसा बसतो हे त्यात दाखवलं होतं. अशा कोशातलं उदाहरणाचं वाक्य अर्थाआधी वाचावं, असं मी आग्रहाने सांगेन.

संगतीइतकीच शब्दाची छटाही महत्त्वाची. ‘थिन’ नुसतं वर्णन करतं, ‘स्लिम’ कौतुक करतं, ‘स्किनी’मध्ये बहुधा नापसंती असते. ‘इनएक्स्पेन्सिव्ह’ साडी स्वस्त असते. ‘चीप’ म्हटलं की ती हलक्या प्रतीची वाटू लागते. सडपातळ आणि हडकुळा यांतला फरक आपल्याला कुणी शिकवलेला नसतो, तो ऐकून ऐकून कळतो. इंग्रजी ज्यांच्या घरात बोललं जात नाही त्या मुलांना तो मुद्दाम सांगायला हवा. तसंच ‘व्हेरी बिग’ चालतं, ‘व्हेरी ह्यूज’ खटकतं, कारण ‘ह्यूज’मध्ये ‘खूप’ आधीच मुरलेलं आहे.

काही ठिकाणी मराठी थेट मदतीला येते. ‘आय ॲम बोअरिंग’ ही वर्गात नेहमी ऐकू येणारी चूक. ‘बोअरिंग’ म्हणजे कंटाळवाणा, ‘बोअर्ड’ म्हणजे कंटाळलेला. ‘टायरिंग’ म्हणजे दमवणारा, ‘टायर्ड’ म्हणजे दमलेला. या मराठी जोड्या फळ्यावर शेजारी लिहिल्या, की प्रवास ‘टायरिंग’ आणि प्रवासी ‘टायर्ड’ हे व्याकरणाचा नियम न सांगताही मुलांच्या लक्षात येतं.