खरे बोलणाऱ्या विधवेला अनुदान का नाही?

गेल्या वर्षावासातील एका रविवारची गोष्ट. वंदना आटोपून मंडळी पांगली, तरी एक ताई विहाराच्या पायरीवर थांबून होत्या. पती सेंट्रिंगच्या कामावर जायचे. चार महिन्यांपूर्वी आजारपणात ते गेले. बांधकाम कामगार म्हणून त्यांची नोंदणी कोणी केलीच नव्हती, त्यामुळे मंडळाकडून एक पैसा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मागे दोन लहान मुले. ताईंच्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आधारकार्ड आणि संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा कोरा अर्ज होता.

"जयभीम दादा. या उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहू?"

"खरे असेल ते लिहा, ताई," मी म्हणालो. मग आम्ही हिशेब मांडला. कधी निंदणी, कधी कापूस वेचणी, कधी दोन घरची धुणीभांडी. सरासरी काढली तर महिन्याला तीन हजार. वर्षाचे छत्तीस हजार झाले.

ताई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "सेतूबाहेरचा एजंट म्हणतो, वीस हजार लिहा. दोन हजार द्या, दाखला मी काढून देतो. दादा, आत्ताच आत बसून मी मुसावादा वेरमणी म्हटलं. बाहेर येऊन खोटं कसं लिहू?"

वकिली करताना रोज कोणाच्या ना कोणाच्या प्रश्नाला उत्तर देतो. या प्रश्नापुढे मात्र मी निरुत्तर झालो. खोटे प्रतिज्ञापत्र करणे हा गुन्हा आहे, हे मला कायदा सांगतो. खोटे बोलू नये, हे ताईंना तथागतांचा धम्म सांगतो. आणि खोटे लिहिल्याशिवाय मदत नाही, असे शासनाचा नियम सांगतो!

हा नियम काय आहे ते समाजबांधवांनी नीट समजून घ्यावे. ही योजना महाराष्ट्रात १९८० पासून आहे. विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, अनाथ मुले, दुर्धर आजाराचे रुग्ण अशा निराधारांसाठी ती आहे. जुलै २०२३ पासून दरमहा अनुदान १,५०० रुपये झाले. पण ते मिळण्यासाठी कुटुंबाचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत हवे, नाहीतर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत हवे. दिव्यांगांची मर्यादा पुढे ५० हजार केली गेली, बाकीच्यांची २१ हजारच राहिली. वर्षाला २१ हजार म्हणजे महिन्याला १,७५० आणि दिवसाला साडेसत्तावन्न रुपये. आई आणि दोन मुले असतील तर माणशी एकोणीस रुपये! एवढ्यात आज कोण जगतो?

२०२५-२६ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर रोज ३१२ रुपये होता. त्या दराने अडुसष्ट दिवस काम केले की २१ हजारांची मर्यादा ओलांडली. रोजगार हमीचा कायदा शंभर दिवसांच्या कामाची हमी देत होता. म्हणजे सरकारनेच हमी दिलेले काम सरकारनेच ठरवलेल्या मजुरीवर पूर्ण करणारी विधवा सरकारच्याच दुसऱ्या नियमाने 'निराधार' उरत नाही. मग राज्यभर २१ हजारांच्या आतले एवढे दाखले निघतात कसे? देणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला माहीत असते. सगळे मिळून खोटे लिहितात आणि त्या खोट्यावर एजंटाचे घर चालते. जो खरे बोलतो तो उपाशी राहतो. उद्या कोणी तक्रार केली तर गुन्हा दाखल होईल तो अंगठा उठवणाऱ्या बाईवर, दाखला काढून देणाऱ्या एजंटावर नाही.

आता दुसरी बाजू पाहा. २०२४ साली विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर याच राज्य शासनाने लाडकी बहीण योजना आणली. रक्कम तीच, दरमहा १,५००. उत्पन्नाची मर्यादा मात्र अडीच लाख! पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याचीही गरज नाही. आमच्या आयाबहिणींना त्यातून चार पैसे मिळाले, त्याला माझा विरोध नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की एका योजनेत अडीच लाख उत्पन्नाचे कुटुंब गरजू ठरते, तर निराधाराच्या योजनेत बावीस हजारांचे कुटुंब सुखवस्तू कसे ठरते? पासष्ट वर्षांपर्यंत त्या बहिणीची मर्यादा अडीच लाख. पासष्टी ओलांडून ती श्रावणबाळ योजनेकडे गेली की मर्यादा एकदम २१ हजारांवर येते. म्हातारपणी खर्च कमी होतो की काय? आमच्या या ताईंचा लाडकी बहिणीचा अर्ज खाते आधारला जोडलेले नसल्यामुळे राहून गेला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुदत संपली. आणि अनाथ मुलांचे काय? त्यांना तर मतच नाही. म्हणून त्यांच्यासाठी कोणाला घाई नाही.

ही मदत म्हणजे कोणाची खैरात नव्हे. बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता अशा वेळी शासनाने नागरिकाला साहाय्य करावे, असे संविधानाचे कलम ४१ सांगते. परमपूज्य बाबासाहेबांनी १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात प्रत्येक प्रौढ नागरिकाला वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा आणि विमा ही शासनाची मक्तेदारी असावी, अशी मागणी केली होती. ती मान्य झाली असती तर सेंट्रिंग कामगाराच्या विधवेला कोऱ्या अर्जासमोर बसावेच लागले नसते. मार्गदर्शक तत्त्वांसाठी न्यायालयात जाता येत नाही, असे कलम ३७ म्हणते हे खरे. पण ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना बाबासाहेबांनीच बजावले होते की, ही तत्त्वे डावलणाऱ्या सत्तेला न्यायालयात नसले तरी मतदारांपुढे उत्तर द्यावे लागेल. ते उत्तर मागायला आम्ही कधी गेलो?

ताईंच्या बाबतीत खरे लिहूनच वाट काढायची, असे आम्ही ठरवले. सासरच्या गावी जाऊन ग्रामपंचायतीत दारिद्र्यरेषेची जुनी यादी काढायला लावली. सासऱ्यांच्या कुटुंबात ताईंच्या पतीचे नाव सापडले. त्या यादीचा उतारा जोडला आणि एक अक्षरही खोटे न लिहिता अर्ज भरला. सोबत राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचा अर्जही दिला. यादीतील कुटुंबाचा कमावता माणूस १८ ते ५९ या वयात वारला तर या योजनेतून एकरकमी २० हजार मिळतात. २०१२ पासून त्या रकमेत एका रुपयाचीही वाढ झालेली नाही. कार्यालयात पोच द्यायला बाबू तयार नव्हता. "साहेब नाहीत, नंतर या." आम्ही आवक विभागात बसून राहिलो आणि शिक्का घेऊनच उठलो. दोन महिने उत्तर नाही, तेव्हा माहितीच्या अधिकारात विचारले की, हा अर्ज कोणाच्या टेबलावर किती दिवस आहे? सातव्या महिन्यात निराधार अनुदान सुरू झाले. कुटुंब लाभाचे २० हजार हे लिहीपर्यंत आलेले नाहीत.

एका ताईसाठी एक वकील मिळाला. बाकीच्यांचे काय? आमचे जयंतीचे डीजे दोन दोन लाखांचे असतात. त्यातल्या एका तासाच्या खर्चात विहारात वर्षभर एक टेबल आणि दोन शिकलेली पोरे बसवता येतील. या पोरांना फार कायदा लागत नाही. आधी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव शोधावे, उत्पन्नाच्या दाखल्यामागे नंतर लागावे. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला १ जुलै २००४ च्या अधिसूचनेने मुद्रांक शुल्क माफ आहे, म्हणून स्टॅम्प पेपरवर पैसे घालवू नयेत. ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने बहुतेक ठिकाणी स्वयंघोषणापत्र चालते. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नये. २००५ चा दप्तर दिरंगाईचा कायदा सांगतो की, कोणत्याही कर्मचाऱ्याने फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवू नये आणि दुसऱ्या विभागाकडे जायची नसलेली फाइल पंचेचाळीस दिवसांत निकाली काढावी. अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागावे. तोंडी नकार हा नकारच नव्हे. आणि बँक खाते आधारला जोडले आहे ना, हे पहिल्याच दिवशी पाहावे. नाहीतर मंजूर झालेले पैसेही येत नाहीत.

पण टेबल मांडून सगळे भागणार नाही. ज्यांचे नाव यादीत नाही, त्यांच्यापुढे आजही खोटे किंवा उपास हे दोनच रस्ते आहेत. म्हणून प्रत्येक तालुक्यातून एकच मागणी गेली पाहिजे. निराधार आणि श्रावणबाळ योजनांची उत्पन्न मर्यादा लाडक्या बहिणीइतकी, म्हणजे अडीच लाख करा. अडीच लाख हा आकडा आमचा नाही, शासनाचाच आहे. ग्रामसभेत ठराव घ्या, आमदाराला निवेदन द्या, मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हा एकच प्रश्न विचारा.

विहारात आमची बाई दर रविवारी पंचशील म्हणते. तहसीलच्या दारात ते तिला मोडायला लावणारा नियम आपण चालवून घ्यायचा काय? कार्यकर्त्यांनी याचे उत्तर भाषणात देऊ नये. येत्या रविवारी विहारात टेबल मांडून द्यावे.

जयभीम!