संगणकाची वही आणि मजुराचे नाव

कंपन्यांचे हिशेब संगणकावर आले की त्यांची जबाबदारीही आपोआप वाढेल, असा एक समज आज रूढ आहे. तो कितपत खरा, हे पाहावयास लांब जाण्याचे कारण नाही. आमच्या पेठ तालुक्यात भात-नागलीची कामे उरकली की माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांची वाट धरतात. डिपिंग, विरळणी, फवारणी, तोडणी करणाऱ्या हातांत त्यांचे हात पुष्कळ. म्हणून द्राक्षांचेच उदाहरण आम्ही घेतो.

२००३ साली युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले व माल नाकारला गेला. पुढे केंद्र सरकारच्या ‘अपेडा’ या निर्यात-संस्थेने २००६ साली ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय नोंदपद्धती सुरू केली. युरोपला जाणाऱ्या मालाची बाग नोंदवावयाची, नमुना प्रयोगशाळेत तपासावयाचा, आणि पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता यावयाचा, अशी ही व्यवस्था. चूक कोठे झाली हे आता झाकून राहीना. निर्यातदारालाही हात झटकता येईनात. हा लाभ लहान नव्हे.

तथापि २०१० साली माल पुन्हा अडला. या वेळी सापडला तो क्लोरमेक्वाट हा वाढ रोखणारा पदार्थ. आणि तपासणीच्या यादीत त्याचे नावच नव्हते! यंत्र खोटे बोलले नव्हते. जेवढे विचारले तेवढेच त्याने सांगितले.

सारे मर्म येथेच आहे. खाणाऱ्याच्या घासात किती औषध गेले, हे विचारले गेले. कारण त्यामागे गिऱ्हाईक उभे होते. फवारणाऱ्याच्या श्वासात किती गेले, हे त्या वहीत कोणी विचारले नाही. उद्या तो मजूर आजारी पडला आणि भरपाई मागू लागला, तर त्या बागेत तो कामाला होता हेच त्याला आधी सिद्ध करावे लागते. पेटीचा माग लागतो, माणसाचा लागत नाही.

कोणी म्हणेल, मोठ्या कंपन्यांना आता हेही सांगावे लागते. खरे आहे. ‘सेबी’ने २०२१ साली ठरविल्याप्रमाणे शेअरबाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून पाणी, वीज, कचरा, अपघात आणि कायम नसलेले कामगार यांची माहिती जाहीर करणे बंधनकारक झाले. पण बागेतली टोळी कोणत्याही कंपनीच्या हजेरीपटावर नसते.

म्हणून संगणकाला विरोध करणे हे आमचे काम नव्हे. मुकादमाच्या चोपडीत खाडाखोड करता येते. बँकेत जमा झालेली मजुरी मात्र पुसता येत नाही. आमची मागणी एवढीच, की बागेच्या नोंदीशेजारी मजुराचे नाव, कामाचे दिवस, मजुरी, मारलेले औषध व दिलेली संरक्षक साधने यांचीही नोंद व्हावी, आणि तिची मराठी प्रत त्याच्या हाती पडावी. गिऱ्हाइकाने विचारले म्हणून पेटीची नोंद झाली. माणसाची नोंद व्हावयाची असेल, तर विचारण्याचे काम संघटनेलाच केले पाहिजे.