बदललेले इंजिन आणि संगणकाची तक्रार

कलकत्त्याच्या नैर्ऋत्येस, हुगळीच्या डाव्या तीरावर बजबज नावाचे गाव आहे. १९१४ साली ‘कोमागाता मारू’ जहाजावरील उतारूंवर येथे गोळीबार झाला, म्हणून इतिहास त्याला ओळखतो. व्यापार ओळखतो तो तेथील खनिज तेलाच्या टाक्यांवरून. याच नदीच्या वरच्या अंगाला, उत्तरपाडा येथे, २०१४ पर्यंत अँबॅसडर मोटार तयार होत असे. जुन्या अँबॅसडरचे इंजिन थकले की मिस्त्री ते उतरवून दुसरे चढवी. ठिणगी वेळेवर पडली आणि कार्बुरेटरमधून पेट्रोल आले, की गाडी सुरू होई. इंजिनाला कोणाकडे हजेरी लावायची नसे.

आज तशी स्थिती नाही. १ एप्रिल २०१० पासून कलकत्ता, मुंबई, पुणे, सोलापूर इत्यादी शहरांत धुराविषयीचे ‘भारत चार’ नियम लागू झाले आणि गाडीने आपले दोष आपणच ओळखून नोंदवावेत, असे बंधन आले. हे काम गाडीतील लहानसा संगणक करतो. हवा किती आली, पाणी किती तापले, दट्ट्या कोठे आहे, हे सेन्सर त्याला कळवितात. त्यावरून तो इंधन आणि ठिणगी यांचा हिशेब ठरवितो. हिशेब जुळला नाही, तर समोरच्या फळीवर पिवळा दिवा लागतो आणि स्मृतीत एक सांकेतिक अंक नोंदला जातो.

इंजिन बदलले की असे अंक एकदम पाचदहा उमटतात. नवा अधिकारी बदलून आला, पण कचेरीतील दप्तर जुन्याच पद्धतीचे राहिले, म्हणजे जसा गोंधळ उडतो, तसाच हा प्रकार. दोघांतही दोष नसतो. दोष असतो तो मेळात.

हे अंक वाचण्याची रीत अवघड नाही. ‘पी ०३३५’ हा अंक घेऊ. ‘पी’ म्हणजे इंजिन व गिअर यांचा विभाग. शून्य म्हणजे सर्व कारखान्यांना समान असलेली नोंद. तीन म्हणजे ठिणगीसंबंधीचा गट. आणि शेवटचे दोन अंक क्रँकच्या सेन्सरच्या मंडलाकडे बोट दाखवितात. येथे ‘मंडल’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सेन्सर बिघडला आहे, असे संगणक म्हणत नाही. त्या वाटेने येणारी खबर पटत नाही, एवढेच तो म्हणतो.

समजा, जुन्या इंजिनाच्या दातेरी चाकावर साठ दात्यांची जागा होती आणि खूण म्हणून दोन दाते गाळलेले होते. नव्या इंजिनाच्या चाकावर छत्तीसांची जागा असून एकच दाता गाळलेला आहे. संगणक जुन्याच मापाने मोजत राहतो आणि त्याची गणती चुकते. अशा वेळी सेन्सर तीनदा बदलला तरी अंक जाणार नाही. चाक बदलावे लागेल, नाहीतर त्या इंजिनाला अनुरूप संगणक बसवावा लागेल. आणि संगणक बदलला, की चोरीप्रतिबंधक यंत्रणा त्याला परका समजते. किल्लीशी त्याची नव्याने ओळख करून दिल्यावाचून गाडी सुरू होत नाही.

म्हणून निदानाचा क्रम पाळणे हिताचे. आधी सर्व अंक आणि ते उमटले त्या क्षणाची नोंद कागदावर उतरून घ्यावी. पुसण्याची घाई करू नये. मग बॅटरीचा दाब, फ्यूज आणि इंजिनाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी जमिनीची तार पाहावी. इंजिन बसविताना ही तार जोडायची राहून गेली, तर अनेक सेन्सर एकाच वेळी खोटे बोलू लागतात. त्याचप्रमाणे पुष्कळ सेन्सरांना पाच व्होल्टचा पुरवठा एकाच तारेने होतो. त्यांतील एकाने घोटाळा केला, की बाकीचेही अपराधी ठरतात. एवढे तपासल्यावर अंक पुसावेत, गाडी चालवावी आणि जे परत येतील त्यांचाच एकेक करून माग घ्यावा.

वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या शिस्तीवर बरेच अवलंबून आहे. भाड्याची गाडी चालविणाऱ्याला प्रत्येक बंद दिवस उपासाचा, आणि निष्कारण बदललेला प्रत्येक भाग कर्जाचा. दिवा नको म्हणून त्याची तारच कापण्याचा उपायही काही ठिकाणी योजतात. त्याने दिवा विझतो, दोष विझत नाही. अर्धवट जळलेले इंधन मात्र साऱ्या शहराच्या छातीत जाते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार इंजिनातील बदल नोंदणी अधिकाऱ्याकडे रीतसर नोंदवावा लागतो, हेही विसरून चालणार नाही.

जुना मिस्त्री इंजिनाच्या आवाजावरून रोग ओळखी. आता इंजिन आपले दुखणे स्वतःच सांगू लागले आहे. रोग्याचे म्हणणे वैद्याने नीट ऐकून घ्यावे. परंतु औषध ठरवावे ते नाडी पाहूनच.