मूल्यमापन, इलेक्ट्रॉनिकी तंत्र प्रमाणपत्र अभ्यासक्रमातील

इलेक्ट्रॉनिकी तंत्राच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाअखेर प्रशिक्षणार्थी स्वतः काय करून दाखवू शकतो, याची पुराव्यानिशी केलेली पारख म्हणजे अध्ययननिष्पत्तीचे मूल्यमापन होय. ‘एकदिशकारकाची माहिती असणे’ ही निष्पत्ती नव्हे. ‘दिलेल्या आकृतीवरून एकदिशकारक जोडून ठरलेला विद्युत् दाब मिळविणे’ ही निष्पत्ती होय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये बोधात्मक उद्दिष्टांचे वर्गीकरण मांडले. विद्यार्थ्याची तुलना इतर विद्यार्थ्यांशी न करता निश्चित निकषाशी करावी, हा विचार रॉबर्ट ग्लेझर यांनी १९६३ मध्ये स्पष्ट केला. हस्तकौशल्याच्या व्यवसायात तो विशेष लागू पडतो. कारण वर्गात पहिला आलेल्याने दुरुस्त केलेला संचही चालू व्हावाच लागतो.

भारतात शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० मध्ये सुरू झाली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ हा दोन वर्षांचा व्यवसाय याच योजनेत मोडतो. २७ डिसेंबर २०१३ रोजी राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकट अधिसूचित झाली आणि प्रशिक्षणाच्या कालावधीपेक्षा निष्पत्तीला महत्त्व आले.

प्रात्यक्षिकाचा खरा कस दोषशोधनात लागतो. समजा, चार डायोडांचा सेतू, गाळणीचा कपॅसिटर व ५ व्होल्टचा नियंत्रक असलेल्या वीजपुरवठ्यातील एक डायोड परीक्षकाने मुद्दाम तोडून ठेवला. भार हलका असल्यास बाहेरचा दाब ५ व्होल्टच दिसू शकतो, म्हणजे केवळ मल्टिमीटरवर विसंबणारा फसतो. आपल्याकडील विजेची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांची संख्या) ५० हर्ट्‌झ असल्याने निर्दोष सेतूनंतरच्या तरंगाची कंप्रता १०० हर्ट्‌झ असते. एक डायोड निकामी होताच ती ५० वर येते. ऑसिलोस्कोपवर हा फरक वाचून प्रशिक्षणार्थी थेट सेतूकडे वळला, तर त्याला तत्त्व उमगले आहे. दुसरा एकामागून एक भाग बदलत जाईल. त्याचाही संच अखेरीस चालू होईल, आणि केवळ अंतिम फल पाहणारा परीक्षक दोघांना सारखेच गुण देईल. म्हणून कोणते मापन कोणत्या क्रमाने घेतले, त्यावरून काय अनुमान काढले, ही नोंद तपासणे व तोंडी प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. एकच दोष सर्वांना दिल्यास तो दुपारपर्यंत सर्वश्रुत होतो, हेही परीक्षकाने ध्यानी ठेवावे.

केंद्रीय प्रशिक्षण महानिदेशालयाच्या २०१९ नंतरच्या अभ्यासक्रमपुस्तिकांत प्रात्यक्षिक व अंतर्गत मूल्यमापन यांना उत्तीर्णतेसाठी किमान ६० टक्के व इतर विषयांना ३३ टक्के गुण ठेवण्यात आले. अंतर्गत गुणांच्या ६० ते ७५, ७५ ते ९० व ९० टक्क्यांहून अधिक अशा श्रेणी केल्या असून अचूकता व नीटनेटकेपणा यांबरोबर काम पुरे करताना किती साहाय्य लागले, हाही निकष आहे : पहिल्या श्रेणीत प्रसंगी, दुसरीत थोडे, तिसरीत जवळजवळ नाही. या साऱ्यांत हा निकष सर्वांत अर्थपूर्ण म्हणावा लागेल. जालना जिल्ह्यातील पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावी दुकान थाटणाऱ्या तंत्रज्ञाच्या शेजारी विचारायला निदेशक नसतो. त्याचा चुकलेला अंदाज ग्राहकाच्या खर्चात, आणि विद्युत् पुरवठा न तोडता केलेली घाई त्याच्या स्वतःच्या जिवावर, जमा होते. सुरक्षिततेची जाणीव व टाकाऊ मालाची योग्य विल्हेवाट यांचा अंतर्गत मूल्यमापनात समावेश आहे, तो त्यामुळेच.

अंतर्गत गुण देणारा निदेशक आणि शिकविणारा निदेशक एकच असतो. संस्थेची प्रतिष्ठाही निकालावर ठरते. सढळ गुणदानाचा मोह यातूनच उद्‌भवतो. त्याला आवर म्हणून प्रशिक्षणार्थीची दैनंदिनी, केलेली कामे, उत्तरपत्रिका, हजेरी व प्रगतितक्ता हे पुरावे पुढील परीक्षेपर्यंत पडताळणीसाठी जपून ठेवावेत, असा नियम आहे. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ अन्वये कारखान्यात गेलेल्या उमेदवाराची पारख मात्र पहिल्या काही आठवड्यांतच, कोणतीही गुणपत्रिका न पाहता, तेथील पर्यवेक्षक करतो.