गांजाच्या झाडाची बांधणी व छाटणी : वनस्पतिशास्त्र, शेतकऱ्याचे ज्ञान आणि कायदा

प्रस्तावना

द्राक्षबागेतील एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची फळछाटणी, टोमॅटोला दिला जाणारा बांबू, तार व सुतळीचा आधार, वांग्याच्या किंवा मिरचीच्या रोपाला लावली जाणारी मातीची भर या गोष्टी महाराष्ट्रातील कोणत्याही ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्याला पुस्तकावाचून ठाऊक असतात. वनस्पतीचा आकार हा केवळ तिच्या आनुवंशिकतेचा परिणाम नसून मनुष्याच्या हाताचाही असतो, हे त्याला निराळे शिकवावे लागत नाही. तथापि हीच तत्त्वे एका अशा वनस्पतीच्या संदर्भात तपासली असता, की जी आपल्या प्रयोगशाळेत आणता येत नाही व जिची लागवड हा गुन्हा आहे, काही अनपेक्षित प्रश्न पुढे येतात. त्यांतील एक प्रश्न केवळ शास्त्रीय नाही. झाड नेमके कोठे कापले यावर एखाद्या माणसाच्या आयुष्यातील काही वर्षे अवलंबून असू शकतात.

प्रस्तुत लेखात उघड्या शेतात, जमिनीत वाढणाऱ्या गांजाच्या झाडाचा आधार व छाटणी यांमागील वनस्पतिशास्त्र आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालेली त्याची सरकारी नोंद यांचा परिचय करून दिला आहे. त्यानंतर आजच्या कायद्याशी त्यांचा असलेला संबंध तपासला आहे. लागवडीची शिफारस करण्याचा हेतू नाही, हे सांगण्याची वास्तविक गरज नसावी. परंतु विषयच असा आहे की सांगितलेले बरे.

वनस्पतीची ओळख

लिनीयसने १७५३ मध्ये ‘कॅनाबिस सटायव्हा’ हे नाव दिलेली ही वनस्पती एकवर्षायू व विभक्तलिंगी आहे. म्हणजे नरफुले व मादीफुले सामान्यतः वेगवेगळ्या झाडांवर येतात. भांग, गांजा व चरस हे तिन्ही पदार्थ याच एका वनस्पतीचे. पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि विलग केलेली राळ म्हणजे चरस. इंग्रजी ‘हेम्प’ या शब्दाचे भाषांतर आपल्या पाठ्यपुस्तकांतून कधी ‘ताग’ तर कधी ‘अंबाडी’ असे केलेले आढळते. त्या दोन्ही वनस्पती पूर्णपणे निराळ्या कुलांतील आहेत. अंबाडीच्या शास्त्रीय नावात ‘कॅनाबिनस’ हा शब्द आहे खरा, पण तो पानांच्या साम्यामुळे आलेला आहे.

नर व मादी झाडांच्या ओळखीबाबत गंमतीचा भाग असा, की अनेक ठिकाणच्या लोकभाषेत ही नावे नेमकी उलटी आहेत. इंग्लंडमधील शेतकरी परागकण देणाऱ्या झाडाला ‘फिंबल’, म्हणजे मादी, आणि बी धरणाऱ्या दणकट झाडाला ‘कार्ल’, म्हणजे पुरुष, म्हणत असत. बंगालमधील गांजा-उत्पादकही नर झाडाला ‘मादी’ म्हणत, अशी नोंद आहे. नर झाड सडपातळ असते व लवकर वाळते, मादी झाड डेरेदार असते. शेतकऱ्याने अंगकाठीवरून लिंग ठरवले, एवढाच याचा अर्थ. वनस्पतींतील लैंगिकता प्रयोगाने दाखविणाऱ्या कॅमेरारियसलाही (१६९४) याच वनस्पतीने चकविले होते. नरांपासून दूर ठेवलेल्या मादी झाडांनाही काही बी धरले, आणि तो चांगलाच वैतागला. वाऱ्याने दुरून येणारे पराग व मादी झाडावर क्वचित उमलणारी नरफुले ही त्याची कारणे आज आपल्याला माहीत आहेत.

आकार कसा ठरतो

शेंड्यावरील अग्रकलिका ऑक्सिन तयार करते व ते खोडातून खाली वाहत जाते. त्यामुळे पानांच्या बगलेतील कलिका दबलेल्या राहतात. थिमन व स्कूग यांनी १९३३ च्या सुमारास घेवड्यासारख्या एका कडधान्यावर हे दाखविले. शेंडा खुडल्यावर बगलफूट सुरू होते आणि कापलेल्या जागी ऑक्सिन लावल्यास ती पुन्हा थांबते. पुढील संशोधनाने हे चित्र पुष्कळ गुंतागुंतीचे केले. २००८ मध्ये स्ट्रिगोलॅक्टोन या संप्रेरकवर्गाची फांद्या रोखण्यातील भूमिका स्पष्ट झाली. शेंडा गेल्यावर बगलेतील कलिकांना मिळणारी वाढीव शर्कराही फुटव्याला चालना देते, असे त्यानंतर दिसून आले. मात्र शेतकऱ्याच्या दृष्टीने मूळ गोष्ट तीच राहते. शेंडा ठेवला तर झाड उंच, शेंडा खुडला तर झाड पसरट.

झाडांमधील अंतर हे दुसरे साधन होय, आणि त्याला हत्याराची गरज नाही. धाग्यासाठी भांगेची पेरणी अतिशय दाट केली जाते. दाटीत प्रकाशासाठी स्पर्धा लागते, खालच्या फांद्या फुटतच नाहीत, खोड सरळ व बिनफांद्यांचे वाढते आणि वाख लांब मिळतो. अशा शेतात वेगळ्या आधाराचीही गरज पडत नाही, कारण झाडे एकमेकांना धरून उभी असतात. तीच जात मोकळ्या जागी लावली तर तळापासून फांद्या फुटून तिचा डेरा होतो. यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. शेतातील झाडाच्या आकारावरूनच, रासायनिक परीक्षणाआधी, लागवडीच्या हेतूचा बराच अंदाज बांधता येतो.

मोकळ्या झाडाला मात्र आधाराचा प्रश्न येतो. फुलोरा शेंड्यांवर दाटीने येतो. पावसाने भिजल्यावर त्याचे वजन वाढते आणि फांदी खोडाला जेथे मिळते त्या बेचक्यात ती फाटते. टोमॅटोबाबतही नुकसान बहुधा याच जागी होते. येथे आधार देण्याचे दोन परस्परविरुद्ध परिणाम लक्षात घ्यावे लागतात. वाऱ्याने हलणारे खोड आखूड पण जाड होते. स्पर्श व हालचालीला वनस्पती देत असलेल्या या प्रतिसादाचे वर्णन जाफे यांनी १९७३ मध्ये केले. रोप लहानपणापासून काठीला घट्ट आवळून बांधले तर ते उंच होते, पण स्वतःच्या बळावर उभे राहत नाही. म्हणूनच आपल्याकडील जाणता माळी सुतळीचा आठाच्या आकड्यासारखा सैल फास देतो. काठी पडू देत नाही आणि खोड हलण्यास मोकळे राहते. हे ज्ञान जाफे यांच्या शोधनिबंधाहून कितीतरी जुने आहे.

खालच्या फांद्या काढण्याचे कारण वेगळे आहे. दाट पर्णसंभाराखाली प्रकाश इतका कमी पोहोचतो की तेथील पाने जेमतेम आपल्या श्वसनापुरते अन्न तयार करतात. शिवाय हवा कोंडून दमटपणा वाढला की बोट्रायटिस या कवकाची करडी बुरशी फुलोऱ्यात शिरते. द्राक्षाच्या घडालाही हीच बुरशी लागते, आणि द्राक्षबागायतदार घडाजवळची पाने काढतो ती इतर कारणांबरोबर याकरिताही.

छाटणीची वेळही तितकीच महत्त्वाची असते. भांग ही लघुदिनी वनस्पती आहे. दिवस लहान होऊ लागले की ती फुलते. प्रकाशावधीच्या या परिणामाचे आरंभीचे प्रयोग फ्रान्समध्ये तूर्नुआ यांनी १९१० ते १९१४ या काळात याच वनस्पतीवर व हॉपवर केले. गार्नर व ॲलार्ड यांचा १९२० चा प्रसिद्ध निबंध त्यानंतरचा आहे. फुलोरा सुरू झाल्यावर झाडाची कायिक वाढ मंदावते. त्यानंतर केलेली मोठी छाटणी झाड भरून काढत नाही.

नौगाव : एक नोंदलेले तंत्र

या तंत्राची भारतातील सर्वांत तपशीलवार नोंद १८९३-९४ च्या भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगाच्या अहवालात व त्याआधी डेव्हिड प्रेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने केलेल्या अहवालात आढळते. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने अकराशेहून अधिक साक्षी नोंदविल्या व गांजावर सरसकट बंदी घालू नये असा निष्कर्ष काढला. मुंबई इलाख्यातील गांजा-उत्पादनाच्या संदर्भात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, नाव ठळकपणे येते. मध्य प्रांतात खांडव्याचा परिसर यासाठी प्रसिद्ध होता. परंतु तंत्राच्या दृष्टीने सर्वांत पुढारलेला भाग होता तो राजशाहीकडील नौगावचा, जो आज बांगलादेशात आहे.

तेथील पद्धत अशी होती. पावसाळ्यात रोपवाटिकेत बी टाकून रोपे तयार केली जात व पाऊस ओसरताना ती वरंब्यांवर लावली जात. काठ्यांचा आधार दिल्याचे वर्णन नाही. आधार होता तो मातीचा. वरंब्याच्या बाजू तासून, पेंड व शेणखत घालून तो पुन्हा बांधला जाई, आणि या भरीने खोडाचा बुंधा पक्का होई. नोव्हेंबरच्या सुमारास खालच्या फांद्या काढून टाकीत. परिणामी झाड सरूसारखे निमुळते वाढे आणि फुलोरा वरच्या भागात एकवटे.

याच सुमारास शेतात ‘पोद्दार’ किंवा ‘पारखदार’ नावाचा तज्ज्ञ येई. इंग्रज अधिकारी त्याला ‘गांजाचा डॉक्टर’ म्हणत. ओळीओळीतून फिरत, फुले पूर्ण उमलण्यापूर्वीच तो नर झाडे ओळखून मोडीत जाई. मागाहून उमलणाऱ्या नरफुलांसाठी शेतकऱ्याला पुन्हा पुन्हा फेरी घालावी लागे. परागण झाले तर मादी झाडाचे अन्न बियांकडे वळते व राळ कमी होते. एक नर झाड नजरेतून सुटले तरी शेजाऱ्याचे शेतही बिघडते. पोद्दाराचे कौशल्य कोणत्याही पदवीविना मिळविलेले होते आणि संपूर्ण महालाचे उत्पन्न त्याच्या नजरेवर उभे होते. कॅमेरारियसला जे कोडे पडले होते, त्याचा हिशेब हा माणूस रोजंदारीवर करीत होता. आमच्या वर्गात विभक्तलिंगी वनस्पतीचे उदाहरण म्हणून मी नेहमी पपई सांगतो. पोद्दाराची कथा सांगितली तर विषय अधिक चांगला समजतो, असा माझा अनुभव आहे.

आणखी एक बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. नौगावचा माल चपटा, गोल व चुरा अशा तीन प्रकारांत विकला जाई. चपट्या गांजात काड्या अधिक असत, गोलमध्ये कमी, चुऱ्यात जवळजवळ नसत. सरकारने करही त्याच क्रमाने चढता ठेवला होता. म्हणजे काडीचे वजन हे गांजाचे वजन नव्हे, हे वसाहतकालीन अबकारी खात्याने मान्य केले होते.

झाडातून जाणारी कायद्याची रेषा

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय एकल करारातील व्याख्येच्या धर्तीवर भारताच्या १९८५ च्या अमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमात गांजाची व्याख्या केली आहे. झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे म्हणजे गांजा. शेंड्यांसोबत नसलेली पाने व बिया त्यातून वगळलेल्या आहेत. भांग या व्याख्येबाहेर राहते ती यामुळेच. छाटणी करणारा शेतकरी ज्या जागी झाडाचे दोन भाग करतो, जवळजवळ त्याच जागी कायद्यानेही रेषा ओढली आहे. अर्थात परवान्याविना झाड लावणे हाच कलम २० अन्वये स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्यास दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उत्तराखंडाने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेला परवाने देण्यास आरंभ केला, तोही ०.३ टक्के टीएचसीच्या मर्यादेत.

प्रश्न येतो तो जप्त मालाच्या वजनाचा. २००१ च्या अधिसूचनेनुसार गांजाचे अल्प प्रमाण एक किलो व व्यापारी प्रमाण वीस किलो ठरले आहे. अल्प प्रमाणास एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. व्यापारी प्रमाणास किमान दहा वर्षे, आणि कलम ३७ मुळे जामीन मिळणेही दुरापास्त. आता उसाच्या किंवा हळदीच्या शेतात सापडलेली झाडे मुळासकट उपटून, मातीसह, ओली असतानाच तोलली तर काय होते, याचा विचार करावा. ताज्या वनस्पतीच्या वजनात पाण्याचाच वाटा तीन-चतुर्थांशाच्या आसपास असतो. उरलेल्या कोरड्या वजनात मूळ, खोड, फांद्या व पाने येतात. मोकळ्या जागी वाढलेल्या, छाटणी न झालेल्या डेरेदार झाडात शेंड्यांचा वाटा आणखीच कमी. अजून फुलावर न आलेल्या झाडाला तर व्याख्येप्रमाणे शेंडेच नसतात, आणि नर झाडाचे काय, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. वीस किलो वजनाच्या पंचनाम्यात प्रत्यक्ष गांजा दोन किलोसुद्धा नसणे वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पूर्णपणे शक्य आहे.

मुंबई उच्च न्यायालयासह काही उच्च न्यायालयांनी, पाने, काड्या व बिया वेगळ्या न करता केलेल्या वजनाबद्दल शंका व्यक्त करून जामीन दिलेले आहेत. दुसरीकडे, अमली द्रव्यात मिसळलेला निष्क्रिय पदार्थही वजनात धरावा असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये हीरा सिंग प्रकरणात म्हटले, आणि तोच न्याय येथे लावावा असा सरकार पक्षाचा युक्तिवाद असतो. माझ्या मते ही तुलना टिकणारी नाही. भुकटीत मिसळलेला पदार्थ कोणीतरी हेतूने मिसळलेला असतो. खोड शेंड्यात मिसळलेले नसते. ते शेंड्याच्या आधी वाढलेले असते. निर्णय मात्र अद्याप एकसारखे नाहीत, आणि पुष्कळसे जप्तीच्या वेळच्या नोंदीवर अवलंबून राहते.

अशा नोंदीसाठी फार काही लागत नाही. झाडांची संख्या, उंची, फुलोऱ्याची अवस्था, नर की मादी, ओले की वाळलेले, आणि शेंडे वेगळे करून घेतलेले वजन एवढ्या बाबी पुरेशा आहेत. त्या लिहिण्यास बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचे वनस्पतिशास्त्र पुरते. पंच म्हणून शासकीय कर्मचारी बोलावले जातात. तालुक्याच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकाला तेथे बोलावण्यास कायद्याची आडकाठी दिसत नाही. नौगावच्या शेतात नर झाडे ओळखण्यासाठी पारखदार बोलावला जाई.